मामांच्या कॉम्प्युटरात कोण कोण राहतं

नात्यातल्या कुणाचा फोन आला की "कॉम्प्युटर फार स्लो झालाय गं, आणि सारख्या जाहिराती येतायत" तर मी हल्ली कॉम्प्युटरबद्दल आधी काही विचारतच नाही. विचारते की घरात सध्या काय चाललंय. कुणाचं लग्न ठरलंय का, कुणी बारावीला आहे का, कुणी रिटायर झालंय का. लोकांना वाटतं ही बया गप्पा मारत बसली, पण अर्धं निदान तिथेच होतं. लग्न ठरलेलं असेल तर पत्रिकेसाठी मराठी फॉन्ट आणि फोटो जोडून व्हिडिओ करायचं काहीतरी फुकटातलं उतरवलेलं असणार. मुलगी बघायचं चाललं असेल तर कुंडली जुळवायचं सॉफ्टवेअर. बारावी असेल तर पीडीएफ जोडणारं, पीडीएफ तोडणारं, पीडीएफचं वर्ड करणारं, तीन वेगवेगळी. रिटायर झालेले काका असतील तर नाट्यगीतं एमपीथ्री करून देणारं. आणि घरात आठवी-नववीतला पोरगा असेल तर गेमचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता गेम चालवायची चोरटी फाइल, तिथे मात्र मी जरा सावरून बसते, त्याबद्दल पुढे लिहिते.

मिरजेच्या मामांकडे ही सगळीच कारणं एकाच घरात होती. मोठ्या मुलाचं बघणं चालू, मामा नुकतेच रिटायर झालेले, आणि मुलीचा मुलगा शाळेसाठी त्यांच्याकडे राहायला. हॉलमध्ये एक डेस्कटॉप, त्याच्यावर मामीने शिवलेलं कव्हर. चालू केला की क्रोम स्वतःहून उघडायचं आणि गूगलच्या जागी भलतंच एक सर्च पान, खाली उजव्या कोपऱ्यात दर मिनिटाला चौकोन, तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले, इथे दाबा. मामा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हे बघ, मी काहीच केलेलं नाही, आपोआप आलंय सगळं." आतून मामी म्हणाली, "मग ती कुंडली काय मी उतरवली?"

आपल्याकडे यावर ठरलेला उपाय म्हणजे फॉरमॅट मारणे, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणे. कोपऱ्यावरचा दुकानदार सीपीयू उचलून नेतो, दोन दिवसांनी आणून देतो, पाच-सहाशे रुपये घेतो, आणि कॉम्प्युटर खरंच पळायला लागतो. माझा फॉरमॅटला विरोध नाही, काही वेळा तोच करावा लागतो. पण बहुतेक वेळा होतं असं की फॉरमॅटसोबत फोटो जातात, टॅलीचा जुना डेटा जातो, मामींच्या भिशीची एक्सेल जाते, आणि ज्या गरजेपोटी घाण आली ती गरज मात्र जागच्या जागी राहते. कुंडली तर जुळवायचीच आहे ना. मग पुन्हा तोच शोध, तेच डाउनलोडचं हिरवं बटण, आणि दोन महिन्यांत कॉम्प्युटर परत दुकानात.

म्हणून मी आधी यादी बघते. कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्रॅम्स अँड फीचर्स उघडायचं आणि वरती इन्स्टॉल्ड ऑन लिहिलेल्या कॉलमवर क्लिक करायचं, म्हणजे तारखेप्रमाणे लागतात. एवढ्या एका क्लिकने जे दिसतं ते बघायला मला आजही मजा येते. मामांच्या यादीत एका तारखेला कुंडलीचं सॉफ्टवेअर, आणि त्याच तारखेला त्याच्या आगेमागे एक ड्रायव्हर अपडेट करणारा, एक हवामान दाखवणारी पट्टी, एक कूपन शोधून देणारा, एक सर्च असिस्टंट आणि एक पीसीचा स्पीड वाढवणारा. अख्खं वऱ्हाड. मामांना दाखवलं तर म्हणाले, "अगं पण मी तर फक्त कुंडली घेतली होती." तेही खोटं बोलत नव्हते. त्यांनी इन्स्टॉलरमध्ये एक्सप्रेस, रेकमेंडेड असं लिहिलेलं निवडलं आणि नेक्स्ट नेक्स्ट करत गेले. शेजारी कस्टम नावाचा फिकट राखाडी पर्याय होता, तो दाबला असता तर आत पाच खुणा आधीच टिक करून ठेवलेल्या दिसल्या असत्या. रेकमेंडेड सोडून कस्टम कोण दाबतं?

हा सगळा प्रकार कुणी हॅकर अंधाऱ्या खोलीत बसून करतो असं लोकांना वाटतं. तसा प्रकारही असतो, पण मामांच्या यादीतली मंडळी त्या जातीची नव्हती. हा रीतसर धंदा आहे. फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्याला दर इन्स्टॉलमागे काही सेंट मिळतात, त्यासाठी तो आपल्या इन्स्टॉलरमध्ये दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं बसवतो, ती दुसरी मंडळी आपल्याला जाहिराती दाखवून किंवा आपण काय शोधतो ते विकून पैसे वसूल करतात. आणि सगळं आपल्या संमतीने, कारण ते लांबलचक लायसन्स न वाचता आय अॅग्रीवर आपणच टिक केलेली असते.

या धंद्याला वीस-पंचवीस वर्षं झाली. गेटर नावाचं एक सॉफ्टवेअर होतं, फॉर्म भरून द्यायचं, पासवर्ड लक्षात ठेवायचं, आणि बदल्यात तुम्ही कुठल्या साइटवर जाता ते बघून वरून आपली जाहिरात चिकटवायचं. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टसारख्या पेपरवाल्यांनी २००२ साली त्यांच्यावर केस केली, आमच्या पानावर तुमच्या जाहिराती कशाला म्हणून. २००३ मध्ये कंपनीने नाव बदलून क्लॅरिया केलं. त्याच वर्षी त्यांच्या सॉफ्टवेअरला स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारं, म्हणणाऱ्या पीसी पिटस्टॉप या साइटवर त्यांनी बदनामीचा दावाही लावला. झँगो नावाच्या दुसऱ्या कंपनीने तर कॅस्परस्कीला कोर्टात खेचलं, तुमचा अँटिव्हायरस आमचं सॉफ्टवेअर अडवतो म्हणून, आणि २००९ मध्ये अमेरिकन अपील कोर्टाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला तेव्हा कुठे अडवणाऱ्यांना जरा दम आला. अँटिव्हायरसवाले अजूनही अशा गोष्टींना थेट व्हायरस न म्हणता पोटेन्शियली अनवॉन्टेड प्रोग्रॅम असं गुळमुळीत का म्हणतात त्याचं एक कारण हे कोर्टाचं लचांड आहे. स्वतः झँगोलाही २००६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला ३० लाख डॉलर द्यावे लागले होते, लोकांना न विचारता सॉफ्टवेअर घुसवल्याबद्दल.

विंडोज एक्सपीच्या काळात हे प्रकरण कहर होतं. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये टूलबारवर टूलबार चढून निम्मी स्क्रीन जायची आणि उरलेल्या फटीत आम्ही ऑर्कुट बघायचो. बोन्झी बडी म्हणून एक जांभळं माकड स्क्रीनवर उड्या मारायचं, गाणी म्हणायचं, आणि लहान मुलांकडून त्यांची माहिती घ्यायचं. त्या कंपनीला २००४ मध्ये ७५ हजार डॉलर दंड झाला. माझ्या हॉस्टेलवर कॉमन पीसी होता तिथे मी हे काम शिकले आणि शिकवणारी सगळी मंडळी फुकट काम करणारी होती. पॅट्रिक कोला नावाच्या जर्मन मुलाने स्पायबॉट हे सफाईचं सॉफ्टवेअर लिहिलं, २००० साली. मेरियन बेलेकॉम नावाच्या डच विद्यार्थ्याने हायजॅकदिस लिहिलं. ते स्वतःहून काही साफ करायचं नाही, फक्त यादी काढून द्यायचं, प्रत्येक ओळीच्या पुढे एक आकडा, ओ२ म्हणजे ब्राउझरला चिकटलेलं, ओ३ म्हणजे टूलबार, ओ४ म्हणजे विंडोज चालू होताना आपोआप उठणारं. निर्णय तुमचा. चुकीच्या ओळीवर टिक केली तर चालू गोष्ट बंद पडायची. पण त्या यादीमुळे मला पहिल्यांदा कळलं की कॉम्प्युटर चालू होतो तेव्हा पडद्यामागे कोण कोण उठून कामाला लागतं. पुढे २००७ मध्ये ते ट्रेंड मायक्रोने विकत घेतलं.

आता हायजॅकदिस नाही चालवत, पण बघायच्या जागा साधारण त्याच. मामांकडे आधी नेटची वायर काढली, कारण काही सॉफ्टवेअरं काढायला गेलं की जाता जाता दुसरं काहीतरी खेचून आणतात. मग यादीतलं वऱ्हाड एकेक करून अनइन्स्टॉल. इथे एक गंमत असते, अनइन्स्टॉल करताना ते लाडीगोडी लावतात, खरंच जाताय का, ५० टक्के सूट देतो, आणि ठेवा हे बटण मोठं रंगीत आणि काढा हे बटण बारीक अक्षरात, एकाने तर प्रश्नच असा उलटा विचारला होता की होय म्हटलं तर राहणार आणि नाही म्हटलं तर जाणार. तेव्हा प्रत्येक ओळ वाचायची. इन्स्टॉल करताना वाचलं नाही ते निदान काढताना तरी.

मग ब्राउझर. सर्च पान बदललेलं होतं ते सेटिंगमध्ये जाऊन नीट करते तर रिस्टार्ट केल्यावर परत तेच. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक केलं तर मेनूच्या तळाशी लिहिलेलं, मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन. मामांचं ऑर्गनायझेशन म्हणजे मामी, आणि तिने तर काही मॅनेज केलेलं नव्हतं. हे वाक्य ऑफिसच्या लॅपटॉपवर दिसलं तर ठीक आहे, तिथे आयटीवाले पॉलिसी, म्हणजे सक्तीचे नियम, लावतात. घरच्या कॉम्प्युटरवर दिसलं तर बहुधा कुणीतरी आयटीवाला बनून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, पॉलिसी लिहून ठेवलीये. अॅड्रेस बारमध्ये क्रोम पॉलिसी उघडून बघितलं तर एका एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं, नाव सक्तीच्या यादीत होतं, म्हणून तर त्याच्यापुढे रिमूव्हचं बटणच येत नव्हतं. ती नोंद रजिस्ट्रीतून काढली तेव्हा एक्स्टेन्शन गेलं. आणि तरी पुढच्या रिस्टार्टला हजर. आता मामांनाही रस यायला लागला होता, चहा थंड झाला तरी उठले नाहीत. शेवटी सापडलं टास्क शेड्यूलरमध्ये, विंडोज ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांची यादी तिथे असते. अपडेटसारखं सोज्वळ नाव असलेलं एक टास्क, दर लॉगिनला चालणारं, आणि त्याचं काम एवढंच की पॉलिसी पुसली गेली असेल तर परत लिहायची. ते काढलं तेव्हा कुठे गूगल गूगल झालं. डेस्कटॉपवरचा क्रोमचा आयकॉनही बघून घ्या, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट. ओळीच्या शेवटी डॉट ईएक्सईच्या पुढे एखाद्या साइटचा पत्ता जोडलेला असतो, तो राहिला तर बाकी सगळं साफ करूनही पान तेच उघडतं आणि माणूस डोकं धरून बसतो.

कोपऱ्यातला पाच व्हायरसवाला चौकोन मात्र व्हायरस नव्हताच. मामांनी कुठल्यातरी साइटवर व्हिडिओ बघण्यासाठी अलाऊ दाबलं होतं, म्हणजे त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिली होती, आणि ती साइट त्या परवानगीवर हा तमाशा करत होती. साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, तिथे अलाऊडच्या खाली अनोळखी नावं असतील ती काढून टाका, विषय संपला. घाबरून लोक त्या चौकोनावर क्लिक करतात, मग एक नंबर येतो, फोनवर गोड बोलणारा माणूस रिमोटचं सॉफ्टवेअर घ्यायला लावतो आणि बँकेचं पान उघडायला लावतो. असा फोन होऊन पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०, सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितका लवकर तितकं पैसे अडवता यायची शक्यता जास्त.

स्कॅन मी सगळ्यात शेवटी मारते. लोक आधी मारतात, आणि दोनशे गोष्टी सापडल्या की हादरतात, त्यातल्या निम्म्या नुसत्या कुकीज, म्हणजे साइट्सनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्या. मालवेअरबाइट्सचं अॅडवक्लीनर फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, नुसतं चालवायचं. त्याच्यानंतर विंडोजच्याच डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन, तो कॉम्प्युटर रिस्टार्ट करून विंडोज उठायच्या आधी तपासतो. डिफेंडरला लोक अजून हसतात पण तो आता बरा आहे, मायक्रोसॉफ्टने २००४ च्या डिसेंबरमध्ये जायंट नावाची अँटिस्पायवेअर बनवणारी कंपनी घेतली, त्यातून तो आलाय. त्याच्यात अॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन म्हणून एक जागा आहे, तिथे नको असलेली अॅप अडवायचा पर्याय चालू आहे का ते बघून घ्या, मामांकडे बंद होता. सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून, त्यांच्या साइटवरही सफाईची फुकट टूल्स मिळतात, क्विक हीलचं त्यात आहे. क्विक हील म्हणजे आपल्या पुण्याचे काटकर बंधू, थोरले कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे आणि धाकट्या संजयने अँटिव्हायरस लिहिला, हे मामांना सांगितल्यावर त्यांचा विश्वास एकदम वाढला.

पण कुणावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न निघतोच. अव्हास्ट घ्या, कोट्यवधी लोकांचा फुकट अँटिव्हायरस, त्यांच्याच जम्पशॉट नावाच्या कंपनीतून लोक काय ब्राउझ करतात तो डेटा विकला जात होता. २०२० च्या जानेवारीत ते दुकान बंद केलं आणि २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलरचा दणका दिला. लेनोव्होने २०१४ च्या शेवटी काही लॅपटॉप असे विकले की त्यात सुपरफिश नावाचं अॅडवेअर कंपनीतूनच बसवून आलेलं, आणि ते जाहिराती घुसवण्यासाठी कुलूप लावलेल्या बँकेच्या पानांमध्येसुद्धा मधे उभं राहायचं. म्हणजे तिथे नवा कोरा लॅपटॉप खोक्यातून काढतानाच रोगी. आणि ग्रेट सस्पेंडर नावाचं क्रोमचं एक्स्टेन्शन, वीस लाखांवर लोक वापरायचे, चांगलं होतं, मूळ लेखकाने २०२० मध्ये विकलं आणि नव्या मालकाने त्यात भलतंच घातलं, २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ते सगळ्यांच्या ब्राउझरमधून बंद केलं. आपण ज्याला हो म्हटलं तो माणूस मागच्या मागे बदलतो आणि आपल्याला कुणी सांगत नाही. त्यामुळे एक्स्टेन्शन जितकी कमी तितकी बरी, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

आता तो क्रॅकचा विषय. नातवाने गेमचा क्रॅक उतरवला होता आणि त्यासाठी सांगितल्याप्रमाणे अँटिव्हायरस बंद करून ठेवला होता. ही वेगळी जात. हे जाहिराती दाखवत नाही, काहीच दाखवत नाही. रेडलाइनसारखे चोर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज एका झटक्यात गोळा करून पाठवून देतात आणि कधीकधी स्वतःला पुसूनही टाकतात. कुकी गेली म्हणजे तुमचं लॉगिन झालेलं खातं उचलून नेलं, ओटीपी विचारलाच जात नाही. रेडलाइनचं जाळं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये डच पोलिसांनी इतर देशांच्या मदतीने उद्ध्वस्त केलं, पण त्याचे भाऊबंद फिरतायत. इथे मात्र मी सफाई वगैरे करत बसत नाही. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढायची, ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅमची फाइल एकही न्यायची नाही, सरळ फॉरमॅट, आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदलायचे, त्याच कॉम्प्युटरवर बसून नाही, आधी ईमेल मग बँक, आणि प्रत्येक ठिकाणी सगळीकडून लॉगआउट करा हे बटण दाबायचं. मामांकडे त्या क्रॅकची फाइल डाउनलोड्समध्ये न उघडता पडलेली होती, पासवर्डवाली झिप, पोराला पासवर्ड सापडला नव्हता. वाचलो.

दुकानदारांबद्दल एकच बोलते, फॉरमॅट करून देताना ते विंडोज कुठलं टाकतात ते विचारा. मामांकडे आधी एकदा ज्याने करून दिलं होतं त्याने विंडोज अॅक्टिव्हेट करायला कुठलंसं क्रॅकचं टूल वापरलं होतं आणि ते चालावं म्हणून डिफेंडरमध्ये अख्ख्या सी ड्राइव्हला सूट देऊन ठेवली होती. पाचशे रुपये घेऊन दार काढून नेलं. त्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, सगळे असंच करतात."

सफाई झाल्यावर मी निघून जात नाही, खरं काम तिथून पुढे आहे. ज्यासाठी ज्यासाठी काही उतरवलं होतं त्याची प्रत्येकाची सोय लावून द्यायची. मराठी टायपिंगसाठी विंडोज १० मध्येच २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, इंग्रजीत टाइप केलं की मराठी उमटतं, काही उतरवायला लागत नाही. फॉन्ट हवा असेल तर गूगल फॉन्ट्सवर मुक्ता आहे, बालू आहे, पत्रिकेला झकास दिसतात. आणि मामांना एक गोष्ट दाखवून ठेवली की फॉन्टची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते, फॉन्ट म्हणून ईएक्सई हातात आली तर ती चालवायचीच नाही. व्हिडिओला व्हीएलसी, पण ते बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या साइटवरूनच. गूगलवर शोधलं की सगळ्यात वर जे येतं ते बऱ्याचदा स्पॉन्सर्ड असतं, जाहिरात, ते सोडून खालचं बघायचं. कुंडलीसाठी मामांना म्हटलं, सरळ गुरुजींकडे जा, मामी म्हणाली बरं होईल, तेवढंच बाहेर पडतील. फायरफॉक्स टाकला आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, कारण क्रोमने आता त्याचं जुनं पूर्ण रूप चालू देणं बंद केलंय. ते टाकल्यावर डाउनलोडच्या पानावरची पाच हिरवी बटणं जाऊन एकच खरं उरतं, मामा बराच वेळ नुसते ते चालू-बंद करून बघत होते.

शेवटचं म्हणजे अकाउंट. रोजच्या वापराला सगळ्यांना स्टँडर्ड अकाउंट करून दिलं आणि अॅडमिन वेगळं, त्याचा पासवर्ड मामीकडे. आता सिस्टमच्या आत हात घालणारं काही टाकायचं म्हटलं की विंडोज पासवर्ड मागतं, आणि मामी स्वयंपाकघरातून ओला हात पुसत येते आणि विचारते, "कशाला हवंय?" मामांनी दोनदा उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्यांना स्वतःलाच सांगता येईना. नातू जास्त हुशार आहे, त्याने शाळेच्या प्रोजेक्टसाठी हवंय असं सांगितलं. मामीने बाईंचा नंबर मागितला.